बिनशिक्क्याचे तीन दिवस

विश्वामित्री मुजमहुड्यात शिरली तेव्हा
आधी वीज गेली, मग फोन,
मग सरकार.
तिसरं गेल्याचं लक्षात यायला
आम्हाला दुपार झाली.

पार्किंगमध्ये एक मगर होती,
राणांच्या स्कूटरशेजारी, नव्या भाडेकरूसारखी गुपचूप.
तिच्याबद्दल कोणी ठराव केला नाही.
जिन्याच्या चौथ्या पायरीखाली पाय टाकायचा नाही
हे पोरांनाही न सांगता कळलं.

मी एकतीस वर्षं महापालिकेत, जप्ती विभागात.
घरपट्टी थकली की माझी सही,
दाराला लाख, लाखेवर शिक्का.
कुलूप कुठे मारलं की तुटतं
हे हातोडीइतकंच मला माहीत.
म्हणून नवल वाटत होतं:
तळमजल्याची सहा घरं वर आली
आणि कोणाच्या खोलीत कोण झोपणार
याचा कागद कोणी मागितला नाही.
याकूबभाईंचे चार सिलिंडर गच्चीवर चढले,
शरयू खासगीवाल्यांचं बारशाचं पातेलं माळ्यावरून उतरलं,
आणि ज्यांचं घर बुडालं त्यांनी आधी जेवायचं,
हा नियम कुठून आला?
मी विचारलंसुद्धा.
हंसाबेन खिचडी ढवळत म्हणाल्या,
"नियम शानो? भूख लागी छे एमने."

दुसऱ्या रात्री पिण्याचं पाणी संपलं.
संपलं, म्हणजे आमचं.
तिसऱ्या मजल्यावर पटव्यांकडे वीस जार होते,
कुठल्याशा लग्नाच्या ऑर्डरचे. दार आतून बंद.
मेवाड्यांचं तान्हं पाच महिन्यांचं.
पोरं म्हणाली, तोडू या.
राणांचा धाकटा माझ्याकडे वळला,
"काका, तुम्हाला येतं ना?"

येतं.
खोक्यातून हातोडी काढली.
खोटं कशाला बोलू, काढताना बरं वाटलं.
निवृत्तीनंतर पहिल्यांदा कोणी
मला माझ्या कामाने हाक मारली होती.
मनात पंचनामाही लिहून झाला:
पंचांसमक्ष, जार, नग वीस.
न्याय आमच्या बाजूने होता.
(आजही म्हणतो, होता.)
पण माझ्या प्रत्येक नोटिशीखाली
हेच तर छापलेलं असायचं,
सार्वजनिक हितासाठी,
आणि त्या ओळीखाली तुटलेली दारं
मी कधी मोजली नाहीत.

शरयूबाईंनी वाद घातला नाही.
एक ताट वाढलं, वर लिंबाची फोड,
आणि पटव्यांच्या दाराशी ठेवून आल्या.
पोरं भडकली. "त्याला जेवायला?"
"पाणी उतरेल रे," त्या म्हणाल्या,
"मग याच जिन्याने चढायचंय सगळ्यांना."

तान्ह्यासाठी याकूबभाईंनी ताडपत्री बांधून
पावसाचं पाणी धरलं, गाळलं, उकळलं.
रात्र निभावली.
पाऊस थांबला असता तर?
हे मी कोणाला विचारत नाही.
हातोडी रात्रभर उशाशी होती.

सकाळी ताट दाराबाहेर होतं.
जार एकही नाही. नुसतं ताट.
घासून, स्वच्छ पाण्याने धुतलेलं.

त्याचा अर्थ मी अजून लावतो आहे.

तिसऱ्या दिवशी बोट आली, मागोमाग टँकर,
टँकरबरोबर एक शिपाई, काठी घेऊन.
"लाइनीत!" तो ओरडला,
आणि तीन दिवसांत पहिल्यांदा
आम्ही एकमेकांना ढकललं.
मीही. राणांच्या म्हातारीला
माझंच कोपर लागलं.

मगर कधी गेली कोणी पाहिलं नाही.
पटवे हल्ली जिन्यात भेटले की थांबतात,
काहीतरी सांगायचं असतं,
हवेबद्दल बोलून वर जातात.
मी हातोडी परत खोक्यात ठेवली.
फेकली नाही.
गंजू नये म्हणून
तेल लावून ठेवली आहे.